आधी हकीकत, मग चाचणी

'मला धुळीची ॲलर्जी आहे', 'हिला कोळंबी चालत नाही', 'बाळाला दूध सोसत नाही', अशी वाक्यं घरोघरी ऐकू येतात. त्यातली काही खरी असतात, काही अर्धवट खरी आणि काही निव्वळ समज. हे ओळखायचं कसं, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ॲलर्जीचं निदान आधी रुग्णाच्या हकिकतीवरून होतं, चाचणी त्यानंतर येते. हा क्रम उलटा झाला की पैसे तर जातातच, पण कधीकधी लहान मुलाच्या ताटातलं चांगलं अन्नही जातं.

मुळात ॲलर्जीत होतं काय? आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. काहींच्या बाबतीत ती परागकण किंवा कोळंबीतलं प्रथिन अशा निरुपद्रवी गोष्टींनाही शत्रू ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करते. ही प्रतिपिंडं त्वचेतल्या, नाकातल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तीच गोष्ट पुन्हा शरीरात आली की या पेशी हिस्टामिन सोडतात. मग शिंकांची माळ लागते, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात, कुणाला धाप लागते. हे सगळं बहुधा काही मिनिटांत घडतं, फार तर दोनेक तासांत. प्रतिपिंडं आधी तयार व्हावी लागतात, म्हणून 'इतकी वर्षं खात आलो, कधी काही झालं नाही' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ॲलर्जी चाळिशीतही सुरू होऊ शकते.

दुसरा प्रकार सावकाश चालणारा. त्यात आयजीईचा संबंध नसतो. पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी काम करतात आणि त्रास एकदोन दिवसांनी दिसतो. बिब्बा उतलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. केसांचा कलप, काळी मेहंदी, खोट्या दागिन्यांतलं निकेल यांमुळे येणारं इसब याच जातीचं. महाराष्ट्रातलं याचं ठळक उदाहरण म्हणजे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात हे तण अभ्यासकांच्या नजरेत आलं आणि पुढे देशभर फोफावलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे शेतात, माळावर काम करणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराची लवण अशा जागी कातडी जाड होते आणि प्रचंड खाज सुटते. गवत उपटलं नाही तरी हवेतून उडणारे त्याचे बारीक कण पुरतात.

आता डॉक्टर काय विचारतील ते पाहू. त्रास कशानंतर झाला? किती वेळाने? दर वेळी होतो का? घरात जास्त की बाहेर? कोणत्या महिन्यांत? सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या शिंका येत असतील, तर संशय गादी-उशीतल्या धूळकिड्यांवर जातो. हे किडे जेमतेम पाव मिलिमीटरचे. आपल्या अंगावरून झडलेल्या कोंड्यावर ते जगतात आणि दमट हवा त्यांना मानवते. म्हणून मुंबई-कोकणात त्यांचं चांगलं फावतं. पावसाळ्यात ओल आलेल्या खोलीतच दमा उसळत असेल, तर बुरशीचा विचार करावा लागतो. कोळंबीचं कालवण खाल्ल्यावर अर्ध्या तासात ओठ सुजले आणि हे दर वेळी झालं, तर निदान निम्म्याहून अधिक तिथेच झालं. उलट, अंगावर रोज पित्त उठतंय आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ चाललंय, तर त्यामागे बाहेरचा पदार्थ सापडण्याची शक्यता बरीच कमी असते. अशा वेळी एकेक भाजी बंद करत बसण्यात अर्थ नसतो.

हकिकतीतून संशयित ठरले की मग चाचणी. त्वचेवरच्या चाचणीची कल्पना जुनी आहे. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांना स्वतःलाच परागज्वराचा त्रास होता. त्यांनी आपल्या हातावर ओरखडा काढून त्यावर परागकण लावून पाहिले. हवेत उंचावर पराग असतात का हे तपासण्यासाठी पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून उडवल्या. या प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक आलं १८७३ साली. आजची त्वचेची टोचणी चाचणी त्याच मार्गावरची आहे. हाताच्या आतल्या बाजूला निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून त्वचेला हलकेच टोचतात. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा, तिथे गांधी उठलीच पाहिजे. एक थेंब मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी मोजमाप घेतात. मिठाच्या पाण्यापेक्षा किमान तीन मिलिमीटर मोठी गांधी आली तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. सर्दी-खाजेच्या गोळ्या चालू असतील तर हिस्टामिनच्या थेंबालाही त्वचा दाद देत नाही. म्हणून त्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. दमा आटोक्यात नसेल तर ही चाचणी पुढे ढकलतात.

गोळ्या बंद करणं शक्य नसेल किंवा हातभर इसब असेल, तर रक्तातली त्या-त्या पदार्थाविरुद्धची आयजीई मोजतात. नुसती एकूण आयजीई वाढलेली दिसली म्हणजे ॲलर्जी ठरत नाही. पोटात जंत असले तरी ती वाढते. गाजर गवत, कलप, निकेल यांच्यासाठी मात्र पॅच टेस्ट लागते. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात, तोवर पाठ भिजवायची नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ तपासतात. गाजर गवताच्या रुग्णाने रक्ताची आयजीई तपासून घेतली, तर उत्तर मिळणार नाही, कारण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पॉझिटिव्ह चाचणी म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे, इतकंच. त्याचा त्रास होतोच असं नाही. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. तशाच घडणीचं प्रथिन झुरळात आणि धूळकिड्यातही असतं. त्यामुळे धूळकिड्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रिपोर्टात कोळंबीसमोरही खूण येऊ शकते. तो मात्र गेली वीस वर्षं दर रविवारी कोळंबी चापतोय आणि ठणठणीत आहे! केवळ कागद पाहून त्याची कोळंबी बंद करणं हा अन्याय आहे. दुसरी बाजूही लक्षात घ्या. ज्याला कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी खरोखर आहे, त्याला पापलेट-बांगडा बहुधा चालतो, कारण माशातलं ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिन वेगळं असतं. हेही डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. अन्नाच्या बाबतीत शंका उरलीच, तर रुग्णालयात, देखरेखीखाली, तो पदार्थ अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत खायला देतात. सर्वांत विश्वासाचा पुरावा हाच. घरी हा प्रयोग करू नका.

शंभर-दीडशे पदार्थांची यादी देणाऱ्या 'आयजीजी' चाचण्यांपासून सावध राहा. आपण नेहमी खातो त्या अन्नाविरुद्ध आयजीजी ही वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं तयार होणं स्वाभाविक आहे, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. अशा यादीवरून वाढत्या मुलाचं दूध, अंडं, गहू, शेंगदाणा एकदम बंद केला तर कुपोषण हातानं ओढवून घेऊ. दूध प्यायल्यावर मोठ्या माणसाचं पोट फुगतं, जुलाब होतात, ती बहुतेक वेळा दुधातली साखर न पचण्याची तक्रार असते. दुधाची खरी ॲलर्जी मुख्यतः तान्ह्या मुलांत दिसते आणि बहुतेकांची वाढत्या वयात जाते. औषधांचंही तसंच. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्याचा शिक्का बसलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तपासणीनंतर ती नसल्याचं आढळतं. तरीही हा शिक्का स्वतःच्या मनाने पुसू नका, तपासून घ्या.

एका बाबतीत मात्र चाचणीची वाट पाहायची नाही. एखादा पदार्थ, औषध किंवा मधमाशीचा दंश, यानंतर लगेच श्वास अडकायला लागला, आवाज बसला, चक्कर आली, अंगभर गांधी उठून उलट्या सुरू झाल्या, तर ती आणीबाणी आहे. यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, आमसुलाचं पाणी तर नाहीच. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. १०८ला फोन करा.

बाकीच्यांनी एक साधी वही करावी. त्रास कधी झाला, त्याआधी काय खाल्लं, कुठे होतो, कोणतं औषध घेतलं, किती वेळात बरं वाटलं, एवढंच लिहावं. सूज किंवा पुरळ आलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते बऱ्याचदा गेलेलं असतं. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी चाचणी सांगितली, तर संकोच न करता विचारा, 'या चाचणीने माझ्या उपचारात काय बदलेल?' नीट उत्तर मिळालं तर चाचणी जरूर करा, नाही मिळालं तर पैसे खिशातच राहू द्या.