न दिसणाऱ्या अक्षरांचा हिशेब



सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण सभासदांचे अर्ज भरता भरता झाले. तेव्हा संगणकावर आम्ही बोलावे हे कित्येकांना नवल वाटेल. पण पाळी आली ती आमच्यावरच.

आमच्या एका दिवंगत सभासदाच्या पत्नीचा दावा परत आला. शेरा एवढाच की, नाव जुळत नाही. आडनाव कुऱ्हाडे. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. काना, मात्रा, सारे एक. शेवटी कचेरीतल्या पोराने यंत्राकडून अक्षरे मोजून घेतली, तेव्हा आम्ही धाडलेल्या यादीत नावाच्या शेपटाला एक अक्षर जास्त निघाले. क्रमांक १३. डोळ्यांना ते दिसत नाही.

हे आले कोठून? १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देण्याचे प्रमाण ठरले. त्यांतले ० ते ३१ आणि १२७ हे छापण्याचे नव्हेतच. ते तारयंत्राला द्यावयाचे हुकूम. ७ म्हणजे घंटा वाजव, १० म्हणजे कागद एक ओळ सरकव, १३ म्हणजे ओळीच्या आरंभी परत ये. १२७ ची गंमत अशी की, कागदी फितीवर चुकलेल्या अक्षराची सातही भोके पाडली की ते खोडले असे समजावे. तारयंत्रे गेली, हुकूम मात्र राहिले. एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना ते चिकटून येतात.

मग आम्ही पुढारीपणा केला. न दिसणारे जे जे असेल ते झाडून काढ, असे पोराला सांगितले. येथे चूक आमची झाली. आपल्या भाषेत एक न दिसणारा जोडक आहे. जुन्या यादीत ‘ऱ्हा’मधला आडवा र त्याच्याच आधाराने उभा होता. तो झाडला आणि तो र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला! ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी ‘आचार्यांना’ गेली. ओळ बदलण्याची खूणही गेली, म्हणून ‘केळशी’ आणि खालचे ‘दापोली’ एकच गाव झाले.

सुदैवाने मूळ यादीची प्रत ठेवली होती. दुसऱ्या खेपेस आधी जोडकावरचा र काढून त्या जागी नुक्त्याचा ऱ बसविला, म्हणजे तो आडवा राहण्यास जोडक लागत नाही. ९, १० आणि १३ यांच्या जागी एक मोकळी जागा दिली, उरलेले हुकूम काढले, १२८ ते १५९ हे त्यांचे भाऊबंदही. नावाच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटल्या. इतरत्रच्या जोडकाला हात लावला नाही. आता नवे नाव यादीत शिरतानाच ही झाडणी होते.

दावा पुन्हा गेला. पैसे आले तेव्हा बाईंनी विचारले, “भाऊ, नावात चूक कोणती होती?” आम्ही कागदावर बोट ठेवले, आणि दाखवायला तेथे काहीच नव्हते.