पुस्तकातले एक प्रकरण

वेल्ह्याकडच्या वाडीवरून एस. टी.ने भोरला शिकायला येणारा विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर ग्रंथालयात जातो. पुस्तकाच्या प्रती दोन, मागणारे वर्गभर. मग प्राध्यापकच म्हणतात, "तेवढं प्रकरण झेरॉक्स करून घे." आणि लगेच आवाज खाली आणतात, जणू चोरीचाच सल्ला दिला! ही चोरी आहे काय?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यामागे ६० वर्षे लिखाणावर त्याचा व वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी, वाटावी. पण हक्क जिवंत असलेल्या पुस्तकांचे काय? त्यासाठी ५२व्या कलमात शिक्षकाला व विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात प्रत करण्याची मोकळीक ठेवली आहे.

या मोकळिकीचा कस दिल्लीत लागला. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर व तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर दावा लावला. नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून दुकानदार मुलांना देत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठाने तत्त्व कायम ठेवले. मात्र घेतलेला मजकूर शिकवण्याच्या गरजेपुरता आहे का, हे पुराव्याने तपासायला सांगितले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

'गरजेपुरता' हा शब्द तेवढा विसरू नका. नेमलेले प्रकरण जरूर घ्यावे. अख्खे पुस्तक बांधून विकायला मांडणे मात्र मला पटत नाही. मराठीत पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याच्या हाती आधीच पडते ते किती!

आता आपल्या टिपणांकडे वळू. हक्काला नोंदणी लागत नाही. लिखाण कागदावर उतरले की तो लागू होतो. समजा, वेल्ह्याच्या एका गुरुजींनी तोरण्याच्या परिसरातल्या वनस्पतींची टिपणे केली आणि मोठ्या मनाने वाटली. तरी भोरच्या शिक्षकाला त्यांत भर घालून ती छापायची तर परवानगी हवीच. गुरुजी बदलून गेले, पत्ता लागेना, की टिपणे कपाटात अडकली!

यावर उपाय खुल्या परवान्याचा. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे असे परवाने २००२ सालापासून मिळतात. हक्क लेखकाचाच राहतो. तो फक्त आधीच सांगून ठेवतो, की माझे नाव देऊन हे खुशाल वापरा, आणि बदल केलात तर तेही याच अटीवर पुढे द्या. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला कोंकणी विश्वकोश असाच खुला केला, तेव्हा त्यातला मजकूर कोंकणी विकिपीडियासाठी वापरण्याची वाट मोकळी झाली.

एक सावधगिरी हवी. टिपणांत दुसऱ्याचे छायाचित्र वा नकाशा असेल, तर तो खुला करणे आपल्या हाती नाही. आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर संस्थेचा हक्क असू शकतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे. मग पहिल्याच पानावर, नावाखाली, परवान्याचे नाव एका ओळीत लिहावे.