जड पाणी आणि वाईट पाणी



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे; रसायनशास्त्र शिकलो ते रात्रपाळी संपवून. पुण्याच्या उपनगरांतल्या बाया सांगतात, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. खरे आहे. काळ्या पाषाणातून झिरपताना पाणी कॅल्शियम नि मॅग्नेशियमचे क्षार घेते. लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा ठीक, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवावा, असे भारतीय मानक सांगते. पातेल्याच्या बुडाशी पांढरे पुट दिसते, म्हणून ओरड त्याचीच. (यंत्रे विकणाऱ्यांची चांदी!) पण जड पाण्याने सहसा माणूस आजारी पडत नाही.

न दिसणारे निराळे. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली. २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात हातपाय लुळे करणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराचे अनेक रुग्ण निघाले. काहींच्या तपासणीत मैल्यातून पाण्यात उतरणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. तिथले पाणी विहिरीचे.

तेव्हा मोर्चा न्याल तेव्हा पुटाचे गाऱ्हाणे मागाहून सांगा. आधी विचारा, आमच्या तोटीशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरतो का, आणि त्याची रोजची नोंदवही कुठे आहे?