‘घरी कळणार नाही ना?’



कॉलेजात एखाद्या मुलीला प्राध्यापकाने, लॅबमधल्या कर्मचाऱ्याने किंवा वर्गातल्याच मुलाने त्रास दिला, तर धीर करून ती कुणाकडे तरी जाते. त्याला शिक्षा होईल का, हा प्रश्न बराच उशिरा येतो. आधी ती विचारते, ‘मॅडम, घरी कळणार नाही ना?’ त्या माणसाची भीती असतेच, पण घरचीही तितकीच असते. वडिलांच्या कानावर गेलं की एसटीचा पास बंद, मोबाइल काढून घेतलेला आणि दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात. ज्याने त्रास दिला तो बाकावर बसलेला आणि ही स्वयंपाकघरात, असं आपल्याकडे सहज घडतं.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीला आपल्या कॉलेजांत आजही सगळे ‘विशाखा समिती’ म्हणतात. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी या ‘साथिन’ने, म्हणजे सरकारच्या महिला कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीने, बालविवाह रोखायचा प्रयत्न केला आणि १९९२मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेवर १९९७ साली जो निकाल लागला, तो विशाखा निकाल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३मध्ये आला आणि महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५चे नियम केले. या नियमांत एक शहाणपणाची गोष्ट आहे. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या व्यक्तींना समितीत घेता येत नाही. समितीच्या अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असाव्यात, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती असावी, असंही त्यात आहे. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हे त्या नियमांनी स्पष्ट मान्य केलं आहे. मुलग्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

गुप्ततेचं कलम २०१३च्या कायद्यात आहे, सोळावं. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार, यांची नावं आणि चौकशीतला मजकूर जाहीर करायला मनाई आहे. मोडल्यास दंड पाच हजार रुपये. एका सेमिनारच्या चहापाण्यालाही यापेक्षा जास्त लागतात, पण असो.

आमच्या अनुभवाने सांगते, नाव फुटतं ते वर्तमानपत्रातून फार कमी. ते फुटतं ऑफिसच्या खिडकीवर. मुलगी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिते. खिडकीतला क्लार्क तो घेतो, शिक्का मारतो आणि आवक नोंदवहीत विषयाच्या रकान्यात लिहितो, ‘लैंगिक छळाबाबत तक्रार’, शेजारी तिचं पूर्ण नाव आणि वर्ग. ती वही दिवसभर टेबलावर उघडी पडलेली असते. मधल्या सुट्टीपर्यंत स्टाफरूमला ठाऊक होतं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर पोचतं. यात दुष्टपणा कुणाचाच नसतो. रोजची पद्धतच तशी आहे. उपायही अगदी साधा आहे. अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे, बंद पाकिटात, थेट हातात द्यायचा. नोंदवहीत फक्त ‘गोपनीय’ आणि क्रमांक. पोच त्याच क्रमांकाची. लिहायला जमत नसेल तर समितीच्या सदस्याने मदत करायची, हे तर नियमातच आहे.

दुसरी सवय पालकांना बोलावण्याची. हजेरी कमी पडली, फी थकली, भांडण झालं, की ‘उद्या वडिलांना घेऊन ये’. हेच वाक्य अशा मुलीला सांगितलं गेलं तर ती तक्रार तिथेच संपली असं समजा. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी कायद्याने सज्ञान आहे. तिला विचारल्याशिवाय घरी फोन करणं ही मदत नव्हे.

आता जरा अडचणीचा भाग. ‘कुणाला काही कळणार नाही’ असं वचन आम्ही शिक्षक फार पटकन देऊन बसतो. सगळ्या बाबतींत ते पाळता येत नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात असतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा लागतो आणि ज्याला अशा गुन्ह्याची माहिती मिळाली त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून तिने सगळं सांगून टाकल्यावर नव्हे, तिने तोंड उघडण्याआधीच विचारावं, तुझं वय किती, आणि मला काय आपल्यापाशी ठेवता येईल, काय येणार नाही, ते आधी ऐक. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मुलांना हे आधीच सांगतात, की अमुक माणसाशी बोललात तर ते तिथेच राहील, तमुक माणसाला ते वर कळवावं लागेल. आपल्याकडेही असा कागद प्रवेशाच्या वेळीच हातात द्यायला काय हरकत आहे?

समितीकडे रीतसर तक्रार गेली की तिची प्रत ज्याच्याविरुद्ध ती आहे त्यालाही जाते. हे मुलींना कुणी आधी सांगत नाही आणि नंतर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. पण त्याला बाजू मांडायची पुरती संधी द्यावीच लागते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या. समितीने चौकशी घाईघाईत उरकली, म्हणून मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण परत समितीकडे पाठवलं. तक्रारीनंतर कित्येक वर्षांनी त्या मुलींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चौकशीतली ढिलाई शेवटी कुणाला भोवते, ते यावरून दिसतं.

म्हणूनच समितीच्या अलीकडे आणखी एक दार हवं. तिथे अर्ज नाही, आवक नाही, प्रत नाही. नुसतं बोलायचं. मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांवर गुप्तता पाळण्याची जबाबदारी २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच टाकली आहे. अनेक कॉलेजांत मात्र समुपदेशन कक्ष म्हणजे एखाद्या प्राध्यापिकेकडे दिलेला जादा कार्यभार असतो आणि त्याच बाई समितीवरही असतात. सकाळी जिच्यापाशी मुलीने मन मोकळं केलं, तिनेच दुपारी निवाड्याला बसायचं! हे दोन माणसांचं काम आहे. कॉलेजला परवडत नसेल तर तालुक्यातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस येणारी समुपदेशक नेमावी. ती बसेल त्या खोलीवर मोठी पाटी लावू नये, एवढं मात्र बघावं.

मुलींना काही गोष्टी माहीत असाव्यात. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना त्याच प्राध्यापकाने तुमचे पेपर तपासू नयेत, अशी मागणी करता येते. तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते. मेसेज पुसून टाकू नका. बलात्कार झाला असेल तर दवाखान्यात शक्य तितक्या लवकर जा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पोलिसांत तक्रार केली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि ते मोफत मिळायला हवेत. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, पण जबाब द्यायचा की नाही, हे सज्ञान मुलगी स्वतः ठरवू शकते.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१. हे दोन आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, शेजारी कुणाचं नाव लिहायची गरज नाही.