पेन्शन कधी सुरू करायची?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण वढूत राहायला आलो तेव्हा बरेचजण सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांत कामाला होते. आता पोरं कामाला जातात, आपण कट्ट्यावर बसतो. तिथे मला हमखास विचारतात, "साहेब, पीएफची पेन्शन आत्ताच घेऊ, की थांबू?" त्यावरच दोन शब्द बोलतो.

१९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत १० वर्षे सेवा झाली की हक्क मिळतो. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. नोकरी सुटली असेल तर पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितकी दरसाल ४ टक्के कपात, आणि ती कायमची. ६० पर्यंत थांबलात तर दरसाल ४ टक्के वाढ. महागाई भत्ता मात्र नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाची नोकरी ५३ व्या वर्षी सुटली. मी पडलो बँकेतला माणूस. "थांबा, कपात कायमची असते," असं सांगून मोकळा झालो. ते थांबले. दीड वर्षाने वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं गणित बरोबर असेल हो, पण किराणा उधारीवर चाललाय आणि माझं गंठण गहाण पडलंय."

मला लाज वाटली. घर कशावर चालतं, हे मी विचारलंच नव्हतं.

मग कागद घेऊन बसलो. समजा ५८ ला ३,००० रुपये बसतात, तर ५३ ला साधारण २,४०० मिळतील. पाच वर्षे थांबलं की १,४४,००० सोडले. पुढे महिना ६०० जादा, म्हणजे वर्षाला ७,२००. सोडलेले भरून यायला २० वर्षे, म्हणजे वय ७८! मी ७५ चा, अजून तिथे पोचलेलो नाही. आणि गंठणावरचं व्याज यात धरलेलंच नाही. त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज भरला.

याचा अर्थ सगळ्यांनी घाई करावी असा नाही. घर मुलाच्या पगारावर चालतंय, तब्येत धड आहे, त्याने जरूर थांबावं. आपल्या मागे पत्नीला निम्मी पेन्शन मिळते, तीही कापलेल्या रकमेच्या निम्मी, हे विसरू नका.

म्हणून अर्ज १०-डी भरण्याआधी नवरा-बायकोने एकत्र बसून हिशेब करावा. अडलंच तर पासबुक घेऊन माझ्याकडे या. आता मी आधी घरचा खर्च विचारतो, मग वय.