थेट टेबलावर वाजणारा फोन

मोठ्या संस्थेत फोन लावला की आधी ऑपरेटर भेटतो, मग 'होल्ड करा', मग संगीत. काही ठिकाणी मात्र आपण नंबर फिरवतो आणि घंटा थेट हव्या त्या टेबलावर वाजते. या सोयीला डायरेक्ट इनवर्ड डायलिंग, थोडक्यात डीआयडी म्हणतात. त्या टेबलापर्यंत वेगळी तार ओढलेली असेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं.

समजा, एका रुग्णालयाने टेलिफोन कंपनीकडून लागोपाठचे शंभर नंबर घेतले. शेवटचे दोन आकडे सोडले तर सगळे सारखे. हे शंभरही नंबर येतात एकाच पीआरआय लाइनवरून. तिच्यात ३२ वाटा असतात. ३० बोलण्याच्या, एक दोन्ही टोकांचा ताळमेळ राखणारी आणि एक फक्त निरोपांची. सगळी किमया या निरोपांच्या वाटेत आहे. तुम्ही १४ने संपणारा नंबर लावलात की एक्स्चेंज आधी कळवतं: कॉल आलाय, लावलेला नंबर हा, आवाज अमुक वाटेने येईल. रुग्णालयाचं इपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन जोडून देणारं यंत्र, आपल्या तक्त्यात बघतं. १४ म्हणजे एक्स्टेन्शन २१४, रक्तपेढी. आणि रक्तपेढीत घंटा वाजते. हल्ली इंटरनेटवरून येणाऱ्या एसआयपी ट्रंकमध्येही रीत हीच, निरोपाचं रूप तेवढं वेगळं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नंबर शंभर, पण बोलण्याच्या वाटा तीस. तीसही वाटांवर बोलणं चालू असेल तर एकतिसाव्या माणसाला एंगेज लागतो, रक्तपेढीतला फोन मोकळा असला तरी! मग वाटा किती घ्यायच्या? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती ए. के. एरलांग यांनी १९१७ साली याचं सूत्र मांडलं. गर्दीच्या तासाला किती कॉल येतात आणि प्रत्येक किती वेळ चालतो, यावरून किती जणांना एंगेज लागेल ते त्यातून काढता येतं. रुग्णालयाने हा हिशेब केलाच पाहिजे. तिथे एंगेज लागणं ही साधी गैरसोय नसते.

बाहेर जाणाऱ्या कॉलचंही बघा. समोरच्याला दिसणारा नंबर म्हणून इपीएबीएक्समध्ये बऱ्याचदा सगळ्यांसाठी ऑपरेटरचा एकच नंबर भरून ठेवतात. मिस्ड कॉल पाहून नातेवाईक उलट फोन करतात, तेव्हा ऑपरेटरला फोन कुणी केला होता हे सांगता येत नाही. प्रत्येक एक्स्टेन्शनचा स्वतःचा डीआयडी नंबर दिसेल अशी सोय करता येते, आणि ती करावीच.

शंभरांतले न वाटलेले नंबर ऑपरेटरकडे वळवून ठेवावेत, म्हणजे चुकून लागलेला कॉलही कुणीतरी उचलेल. आणि नंबर माणसाला न देता कामाला द्यावा. रक्तपेढीतल्या बाईंची बदली झाली तरी १४ लावल्यावर फोन रक्तपेढीतच वाजला पाहिजे.