पडणारे दात आणि राहणारी दाढ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कुणीतरी आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझा विषय लोणच्या-पापडांइतका रुचकर नाही. लहान शाळकरी मुलांच्या दातांना लागणारी कीड, हा तो विषय. मी दंतवैद्य नव्हे. पण या बाबतीत माझ्या अक्कलखाती जी रक्कम पडली, ती माझ्या मुलाला भरावी लागली. म्हणून बोलण्याचे धाडस करते.

माझा मुलगा पहिलीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. घरी चिठ्ठी आली, ‘दाढेला कीड आहे, दाखवून घ्यावे.’ मी ती वाचली आणि देवघरातल्या पंचांगात ठेवून दिली. मनात म्हटले, दुधाचे दात, आज ना उद्या पडायचेच. त्यांच्यासाठी दवाखाना कशाला? पुढे तो एकाच बाजूने चावू लागला, भाकरीचा पापुद्रा तेवढा खाऊन कडा ताटात ठेवू लागला. मी त्याला लाडावला म्हणून रागावले. दुसरीत गेल्यावर एका रात्री गाल सुजला, अंगात ताप भरला. आम्ही लवंग लावली, रात्र कशीबशी काढली आणि सकाळी त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, “ताई, ही दुधाची दाढ नाही. ही कायमची आहे. ही गेली की पुन्हा येत नाही.” कीड मुळापर्यंत जाऊन दाढ पार पोखरली होती. ती काढावी लागली. आज तो सहावीत आहे. मोठ्याने हसला की ती रिकामी जागा दिसते, आणि मला पंचांगातली चिठ्ठी आठवते.

तर मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दातांच्या मागे चारही कोपऱ्यांत एकेक दाढ उगवते. तिच्यासाठी आधी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती आलेली आपल्याला कळत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूने मागे मोजत जा. पहिले पाच दात दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले, आणि सहावी ती कायमची दाढ. सहाव्या वर्षी येणारी, सहाव्या जागेची. हीच जन्मभर चावण्याचे काम करते. नवी असताना तिच्या खाचा खोल असतात, त्यांत अन्न अडकते, आणि छोट्या हातातला ब्रश तिथवर पोहोचत नाही. म्हणून पहिला घाला बहुधा तिच्यावरच पडतो.

दुसरी गोष्ट, दुधाचे दातही फुकटचे नव्हेत. ते एकंदर २० असतात. समोरचे सहा-सात वर्षांत पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. वाढत्या वयाची आठ-नऊ वर्षे त्यांच्यावरच जेवायचे असते. शिवाय एस.टी.त आपण रुमाल टाकून जागा धरतो, तशी या दाढा खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. रुमाल वेळेआधी उचलला की शेजारचा सरकून बसतो, आणि मागून येणाऱ्याला वाकडेतिकडे उभे राहावे लागते.

आता कीड म्हणजे काय? आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड पाडून’ दाखवीत. दातात अळी-बिळी काही नसते. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की ते जंतूही त्यावर जेवतात आणि आम्ल तयार करतात. चिंचेने तांब्याचे भांडे उजळते ना, कारण आंबटपणा वरचा थर खातो. तसेच हे आम्ल दाताचे कवच विरघळवते. सुमारे अर्धा-पाऊण तासाने लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झीज थोडी भरूनही आणते. म्हणजे दाताला विसावा मिळाला तर तो सावरतो. विसावाच मिळाला नाही, तर पांढरा डाग पडतो, मग काळी खळी, मग ठणका.

त्यामुळे मूल किती गोड खाते यापेक्षा किती वेळा खाते हे अधिक महत्त्वाचे. स्वीडनमध्ये एका संस्थेतल्या मनोदुर्बल माणसांवर याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांची कीड थोडी वाढली, पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांची फार वाढली. असहाय माणसांचे दात असे नासवले म्हणून त्या प्रयोगाला आज दोषही देतात, आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्या वेदनेतून मिळालेला धडा आपण वाया घालवू नये.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, “दिवसातून किती वेळा गोड खातो?” मी म्हटले, “फार नाही हो, एखादा पेढा.” त्या म्हणाल्या, “एक दिवस मोजून पाहा.” मी ओट्यावर वाटी ठेवली. मुलाच्या तोंडात काही गोड गेले की एक चिंचोका वाटीत टाकायचा. सकाळी साखरेचे दूध, एक. त्यात बुडवून बिस्किट झाले, ते त्यातच धरले. मग आजीने दिलेली खडीसाखर, दोन. शेजारी रामकुंडावर विधीला पाहुणे आले होते, त्यांचा पेढा, तीन. शाळेत कुणाचा वाढदिवस, चॉकलेट. सोमवार, म्हणून कपालेश्वराहून फुटाणे आणि साखरफुटाणे. संध्याकाळी काळारामाचा प्रसाद. अभ्यासाला बसताना गोळी, निजताना पुन्हा साखरेचे दूध. रात्री मोजले तर आठ चिंचोके! एकूण साखर म्हणाल तर ओंजळभरही नसेल. पण दिवसभरात त्याच्या दाताला विसावा असा मिळालाच नव्हता.

आपण पंचवटीत राहतो. इथे दारोदारी देव, रोज कुठला ना कुठला उत्सव. रामनवमीचा सुंठवडा, चैत्रातल्या रथाचा प्रसाद, बोरनहाणाच्या गोळ्या. देवाच्या नावाने पुढे केलेला हात मुलाने कसा परतवावा? मलाही घरात हे बोलणे अवघड होते. पण मार्ग सासूबाईंनीच काढला. त्या म्हणाल्या, “प्रसाद नाकारायचा नाही, थांबवायचा.” त्यांनी देवापुढे एक डबी ठेवली. मिळेल तो प्रसाद कपाळाला लावून डबीत टाकायचा, आणि दुपारच्या जेवणात पानावर घ्यायचा. देवाचा मान राहिला, दाताचीही सोय झाली. आता आमच्या वाटीत चारापुढे चिंचोका जात नाही. मधल्या वेळी भूक लागली तर काकडी, शेंगदाणे, पेरू, भाकरी. बिस्किट आणि वेफर्स दाताला चिकटून बसतात, त्यांनाही गोडाच्याच पंगतीत धरा.

आता रोजच्या कामाचे सांगते. दात सकाळी आणि रात्री, असे दोनदा घासावेत. त्यातले रात्रीचे मुळीच चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. दूध द्यायचे ते आधी. पेस्टवर फ्लोराइड लिहिलेले पाहून घ्यावे, त्याने कवच घट्ट होते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाएवढी, मोठ्याला वाटाण्याएवढी पुरे, आणि ती थुंकायला शिकवावे. सात-आठ वर्षांचे होईतो घासणे आईच्या किंवा बापाच्या हातचे हवे. राखुंडी-विटकरीची भुकटी नको, ती कवच खरवडते. दुखऱ्या दाढेला मिश्री तर कधीच लावू नका. ती जाळलेली तंबाखू आहे, आणि मुलाला तिची सवय लागते. आपल्याही किडक्या दाढांकडे बघा, कारण आपल्या तोंडातले जंतू उष्ट्या चमच्यावाटे बाळाच्या तोंडात जातात.

शेवटचे, चिठ्ठीविषयी. २००२-०३ साली देशभर दातांची पाहणी झाली, तीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत कीड आढळली. तेव्हा चिठ्ठी आली तर लाज वाटू देऊ नका. २०१३ साली पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला; त्यात सरकारी शाळांतल्या आणि अंगणवाडीतल्या मुलांची जी तपासणी करतात, तीत दातही पाहतात. दंत महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय तर आपल्या पंचवटीतच, मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. खळी लहान असते तेव्हा भरणे थोड्या वेळाचे काम असते. नव्या दाढेच्या खाचा लेपाने बुजवूनही घेता येतात.

माझी धाकटी यंदा दुसरीत आहे. तिच्या चारही सहाव्या दाढा मी मोजून पाहिल्या, वेळेवर दाखवल्या, लेप लावून घेतला. त्या स्वच्छ आहेत. थोरल्याने परवा तिच्या तोंडात डोकावून पाहिले आणि म्हणाला, “आई, माझी पण अशीच होती का गं?” मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने दोनच कामे करावीत. मुलाला उजेडात बसवून दात सहापर्यंत मोजावेत, आणि उद्या ओट्यावर एक वाटी ठेवावी. चिंचोके कमी पडले तर माझ्याकडे पुष्कळ आहेत.